ड्रमरभोवतीची भिंत

एप्रिल 1923 मध्ये किंग ऑलिव्हरचा क्रिओल जॅझ बँड अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, रिचमंड गावच्या जेनेट स्टुडिओत तबकड्या भरायला गेला. तेव्हा ड्रमर बेबी डॉड्सला आपला नेहमीचा ड्रमसेट मोकळेपणाने वाजवता आला नाही. ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होत असे आणि सुई थेट मेणावर चर कोरत असे. बेस ड्रमचा दणका बसला की सुई उडण्याची भीती. डॉड्सने बरेचसे काम लाकडी ठोकळ्यांवर भागवले. त्याच बँडमधल्या तरुण लुई आर्मस्ट्राँगलाही कर्ण्यापासून दूर उभे करण्यात आले होते, कारण त्याचा कॉर्नेट बाकीच्यांना झाकून टाकत होता. आज ड्रमसेटभोवती पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या उभ्या करून जे साधू पाहतात, ते तेव्हा अंतर आणि मनाई या दोन साधनांनी साधले जाई. ड्रमचा आवाज आवरायचा कसा, हा प्रश्न ड्रमसेटइतकाच जुना आहे. शंभर वर्षांत त्याला मिळालेल्या बहुतेक उत्तरांत ड्रमरचा विचार सर्वांत शेवटी झाला, अशी आमची तक्रार आहे.

मुळात ड्रमसेटमधली वाद्ये बंद खोलीची नव्हतीच. बेस ड्रम, स्नेअर आणि झांजा (सिंबल) ही लष्करी संचलनातली, मिरवणुकीतली वाद्ये. मोकळ्या हवेत, चालत्या माणसांना दुरून ऐकू जावे म्हणून घडलेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यू ऑर्लिन्ससारख्या शहरांत ती नाचघरांत आणि नाटकघरांत शिरली. तिथे दोन-तीन वादकांना जागाही नव्हती आणि त्यांना द्यायला पैसेही नव्हते. मग एकाच माणसाने सगळे सांभाळायची रीत पडली. शिकागोचा विल्यम लुडविग रॅगटाइमच्या वाढत्या लयीला पुरेल असा पायाने चालणारा खटका शोधत होता. 1909 मध्ये त्याने आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड याने बेस ड्रमचे वेगवान पेडल बाजारात आणले आणि ड्रमरचे दोन्ही हात मोकळे झाले. रस्त्यावरचा अख्खा ताफा अशा रीतीने एका खुर्चीभोवती आणि एका छताखाली आला.

तरीही पुढची काही दशके हे वाद्य बऱ्यापैकी आटोक्यात राहिले, याचे श्रेय वादकांच्या हाताला द्यावे लागेल. काउंट बेसीच्या बँडमधल्या जो जोन्सने लयीचा भार बेस ड्रमवरून उचलून हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, नेला. त्यामुळे सगळ्या बँडखालची जमीन हलकी झाली. तारांचे ब्रश स्नेअरवर फिरवून संथ गाण्याला साथ करणे ही त्या काळच्या ड्रमरची रोजची विद्या होती. समोर गायक आहे, पियानोला स्पीकर नाही, म्हणून हात राखून वाजवायचा, हे कोणाला सांगावे लागत नसे. ड्रमर जीन क्रुपाने जानेवारी 1938 मध्ये बेनी गुडमनच्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीत ड्रमला प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर आणले खरे, पण तिथेही जोर कुठे लावायचा आणि कुठे सोडायचा याचे भान होतेच.

घडी बिघडली ती विजेच्या गिटारने. जिम मार्शल हे नाव आज गिटारच्या अँप्लिफायरचे आहे, पण तो माणूस स्वतः ड्रमर होता, ड्रमचे धडे देत असे. 1960 मध्ये त्याने लंडनच्या हॅनवेल भागात दुकान काढले. तिथे येणाऱ्या ड्रमरांच्या ओळखीने गिटारवाले यायला लागले आणि त्यांना हवा तसा आवाज त्याने 1962 पासून बनवून द्यायला सुरुवात केली. ‘द हू’ या रॉक बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याला आणखी मोठा हवा होता, आणि त्याच्या मागे ड्रमर कीथ मून बसलेला होता. त्यातून शंभर वॉटचे अँप्लिफायर आले. गिटार मोठा झाला म्हणून ड्रमर जोरात वाजवू लागला, ड्रमर जोरात वाजवतो म्हणून गिटारवाल्याने कळ आणखी फिरवली. 1957 मध्ये रेमो बेली याने बाजारात आणलेल्या पॉलिस्टरच्या पानांनी हे शक्य केले. आधीचे वासराचे कातडे दमट हवेत सैल पडे, सारख्या माराने फाटे. नवे पान कितीही मार खाई आणि जास्त टणक वाजे.

15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सनी सुमारे 55 हजार लोकांसमोर कार्यक्रम केला. किंचाळ्यांत ड्रमर रिंगो स्टारला सोबत्यांचे काहीही ऐकू येत नव्हते. त्यांच्या पाठीमागून त्यांच्या हालचाली बघून तो गाणे कुठवर आले याचा अंदाज घेत होता. पुढे स्टेजवर वादकांना ऐकू यावे म्हणून मॉनिटर स्पीकर आले, ड्रमच्या प्रत्येक भागाला माइक लागला आणि मुळातच मोठे असलेले वाद्यही स्पीकरमधून ऐकवले जाऊ लागले. 31 मे 1976 रोजी लंडनच्या चार्लटन मैदानावर ‘द हू’चा आवाज 32 मीटरवरून 126 डेसिबल मोजला गेला आणि गिनीजच्या पुस्तकात विक्रम म्हणून नोंदला गेला. असा विक्रम अभिमानाने छापला जावा, हीच त्या पिढीची मोठी चूक होती. त्याच टाउनशेंडने पुढे आपल्या बिघडलेल्या कानांबद्दल जाहीरपणे बोलून अनेक वादकांना सावध केले, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

या आवाजावर उतारा म्हणून आलेल्या पाट्यांचे अ‍ॅक्रिलिक 1930 च्या दशकातले. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या घुमटांसाठी ते वापरले गेले. 1970 च्या दशकात त्याचे ड्रमही बनले. लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमचा अंबरी रंगाचा पारदर्शक संच पुष्कळांनी पडद्यावर पाहिला असेल. ड्रमसेटभोवती अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या सर्रास दिसू लागल्या त्या 1990 नंतर, विशेषतः अमेरिकेतल्या चर्चमध्ये. ऑर्गन आणि समूहगानासाठी बांधलेल्या, कठीण भिंतींच्या, घुमणाऱ्या सभागृहांत उपासनेसाठी रॉक बँड आला. पुढच्या बाकांवरची म्हातारी माणसे कानांवर हात ठेवू लागली. बिजागऱ्यांनी जोडलेल्या, साडेपाच फूट उंचीच्या पाच-सात पाट्यांचा आडोसा हे तिथे सोयीचे उत्तर ठरले: ड्रमर दिसतो आणि आवाज अडतो.

पण तो किती आणि कोणता अडतो? 5,000 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम सात सेंटिमीटर असते, म्हणून सिंबलचा झणकार आणि स्नेअरची धार पाटीवर आपटून परत फिरते. बेस ड्रमच्या 60 हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेपाच मीटरांहून जास्त. साडेपाच फुटांच्या आडोशाला ती सहज वळसा घालते. परत फिरलेला झणकार कुठे जातो, हेही पाहिले पाहिजे. तो ड्रमरच्या कानांत जातो. शिवाय सिंबलवरच्या माइकमध्ये तोच आवाज क्षणार्धाच्या अंतराने पुन्हा शिरतो आणि मूळ स्वर पोकळ होतो. म्हणून ज्यांना हे काम कळते ते ड्रमरच्या मागे आणि पाट्यांच्या खालच्या भागात ध्वनी शोषणाऱ्या जाड गाद्या लावतात, वर झाकणही घालतात. अनेक ठिकाणी मात्र नुसत्या पाट्या उभ्या करून काम उरकतात. प्रेक्षकांना हायसे वाटते आणि आतल्या माणसाच्या वाट्याला आधीपेक्षा जास्त आवाज येतो.

या बाबतीत कायदा संगीताच्या मागोमाग, फार उशिरा आला. अमेरिकेतल्या निओश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस 85 डेसिबलला आठ तास अशी आहे आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला पाव तासच. जोमात वाजणाऱ्या ड्रमसेटजवळ ही पातळी नेहमीची. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये 2012 साली वाग्नरच्या एका ऑपेराच्या तालमीत पितळी वाद्यांच्या पुढ्यात बसलेल्या व्हायोलावादकाचे कान कायमचे बिघडले. 2018 मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी तो अपिलातही टिकला. कला म्हटली की मोठा आवाज आलाच, हा बचाव तिथे चालला नाही. वादकासाठी रंगमंच ही कामाची जागा आहे, हे इतक्या स्पष्टपणे लिहून मिळायला 2018 उजाडावे लागले.

ड्रमरच्या बाजूने विचार झाल्याचे एक चांगले उदाहरणही आहे. व्हॅन हेलन बँडच्या अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनला मॉनिटरच्या आवाजाचा त्रास होत होता. बँडचा ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी याने 1995 च्या सुमारास त्याच्यासाठी कानात घट्ट बसणारे मॉनिटर बनवले. बाहेरचा आवाज अडला, हवे तेवढे कानात आले आणि त्यातून पुढे एक उद्योगच उभा राहिला.

आपल्याकडे हा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजू लागले. त्या काळच्या नाचाच्या बँडांतून तयार झालेले गोव्याचे वादक आणि कावस लॉर्ड यांच्यासारखे पारशी वादक हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आले. पण गावोगावच्या ऑर्केस्ट्रांत 1985 नंतर रोलंडच्या ऑक्टोपॅडने ड्रमसेटची जागा घेतली. आठ रबरी चौकोन, वाहून न्यायला सोपे आणि आवाज पूर्णपणे साउंडवाल्याच्या हातात. नाट्यगृहातल्या कार्यक्रमाला ते सोयीचे आहेच. पण सिंबलवर काठीच्या टोकाने काढलेला बारीक नाद, ब्रशची सरसर आणि हात राखून वाजवण्याची ती जुनी विद्या त्यात आली नाही. ज्या वादकाने कधी आपला आवाज स्वतः सांभाळला नाही, त्याला खऱ्या ड्रमसेटवर बसवले की तो सगळा जोर लावतो, यात नवल नाही.

आता महाविद्यालयांच्या महोत्सवांत आणि मराठी बँडांच्या कार्यक्रमांत खरा ड्रमसेट पुन्हा दिसतो आहे, आणि आम्हाला त्याचा आनंद आहे. आयोजकांना आणि नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांना आमचे सांगणे एवढेच: पाट्या मागवण्याआधी ड्रमरशी बोला, तालमीत हलक्या काठ्या आणि ब्रश वापरून पाहा, गिटारचे अँप्लिफायर आधी खाली आणा. तरीही पाट्या लागल्याच, तर त्यांच्यासोबत शोषक गाद्या आणि ड्रमरच्या कानांसाठी चांगले इअरप्लग यांचा खर्च अंदाजपत्रकात धरा, आणि तो ड्रमरच्या मानधनातून कापू नका.