घास लेकराचा, वाद मोठ्यांचा

इंदूरच्या शहाबानो बेगम यांच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २३ एप्रिल १९८५ रोजी दिला. तेव्हापासून ‘पोटगी’ हा शब्द उच्चारताच आपल्याकडे शरीयत श्रेष्ठ की समान नागरी कायदा, यावर रणे माजतात. या रणधुमाळीत एका दावेदाराचा मात्र सर्वांनाच विसर पडतो. तो दावेदार म्हणजे मूल. तलाक कोणी दिला, कोणत्या शब्दांत दिला, याच्याशी त्याचा काडीमात्र संबंध नसतो. भूक मात्र त्याला दोन्ही वेळा नेमाने लागते.

या मुलाच्या बाबतीत इस्लामी विधिशास्त्र मुळीच संदिग्ध नाही. तलाकने पतिपत्नीचे नाते तुटते, बापलेकांचे तुटत नाही. लहान मूल आईपाशी वाढते. त्या संगोपनाला ‘हिजानत’ म्हणतात. पण त्याचा निर्वाहखर्च, म्हणजे ‘नफका’, बापानेच द्यावयाचा असतो. तान्ह्याला अंगावर पाजणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राचा भार कुराणाने पित्यावर, त्याच्या ऐपतीप्रमाणे, टाकला आहे. भारतात प्रचलित असलेल्या हनफी मतानुसार ही जबाबदारी मुलगा वयात येईपर्यंत आणि मुलीचा विवाह होईपर्यंत राहते. तेव्हा धर्माची ढाल पुढे करून जो बाप पोटच्या पोराला वाऱ्यावर सोडतो, त्याला धर्माचाच आधार नाही.

आपला कायदाही याच दिशेने गेला आहे. शहाबानो निकालानंतर संसदेने १९८६ साली जो कायदा केला, त्यात तलाकपीडितेला मुलांसाठी त्यांच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंतचा खर्च देण्याची तरतूद होती. तिचा आश्रय घेऊन, दोन वर्षांवरील मुलांची जबाबदारीच संपली असा युक्तिवाद बिहारमधील एका पित्याने केला. नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली तो फेटाळला. दोन वर्षांची तरतूद आईच्या हक्काची आहे. मुलांचा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालील हक्क स्वतंत्र आहे, असे न्यायालयाने बजावले. वाद होता तीन मुलांना प्रत्येकी दरमहा दीडशे रुपये देण्याचा! १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आले आहे आणि ते सर्व धर्मीयांना लागू आहे.

मग घोडे अडते कोठे? ते अडते वसुलीपाशी. आणि येथे आम्हा गोमंतकीयांना, विशेषतः हिंदूंना, दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार नाही. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१० चे कौटुंबिक कायदे यांच्या वारशामुळे सर्व धर्मीयांचा विवाह नागरी नोंदणीने होतो. १९३७ चा शरीयत कायदा येथे लागूच झाला नाही. याचा आम्हांस अभिमान आहे आणि तो असावाही. परंतु समान कायदा असला म्हणून बाप कर्तव्यदक्ष होतोच असे नाही. पोटगी बुडविणाऱ्यांत सत्यनारायणाची पूजा घालणारेही असतात.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये, दोन्ही पक्षांनी उत्पन्नाचे शपथपत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजावी, असा दंडक घालून दिला. थकबाकीदाराला तुरुंगात धाडण्याची सोयही कायद्यात आहे. परंतु बाप तुरुंगात गेल्याने मुलाच्या ताटात भात पडत नाही. थकबाकीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, पुन्हा वकील, हा फेरा आईनेच घालावयाचा. आणि त्या काळात शाळेची फी थांबत नाही.

येथे एका मुस्लिमबहुल देशाचेच उदाहरण घेण्याजोगे आहे. इजिप्तने २००४ साली कौटुंबिक विमा निधी स्थापन केला. न्यायालयाने मंजूर केलेली पोटगी नासर सामाजिक बँकेमार्फत या निधीतून मिळू शकते आणि ती बापाकडून वसूल करण्याचे काम बँकेकडे जाते. ही व्यवस्था निर्दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. पण वसुलीचे ओझे आईच्या खांद्यावरून संस्थेच्या खांद्यावर जावे, हे तत्त्व निर्विवाद आहे. गोवा सरकारने असा छोटा निधी उभारावा, नोकरदार बापाच्या वेतनातून पोटगी परस्पर कापून घेण्याची सुलभ पद्धत बसवावी आणि हे सर्व धर्म न विचारता करावे. समान कायद्याचा खरा गौरव त्यातच आहे.

धर्मशास्त्र, संविधान आणि न्यायालय या तिघांचे ज्या एका गोष्टीवर एकमत आहे, तीच घराच्या उंबरठ्यापर्यंत पोचत नसेल, तर दोष शास्त्राचा नव्हे. व्यवस्थेचा आणि आपल्या उदासीनतेचा आहे. मोठ्यांचे वाद चालू राहोत. लेकराचा घास तेवढ्यासाठी अडता कामा नये.