भाताचा कणा कधी तपासणार?

परतीचा पाऊस लांबला की कोकणात कापणीला आलेला भात चिखलात आडवा होतो. भिजलेल्या लोंब्यांना शेतातच मोड येतात, कापणीची मजुरी वाढते, पेंढाही कुजतो. दोष पावसाला दिला जातो. पण त्याच पावसात बांधापलीकडचे दुसरे वाण उभे राहते, ते कशामुळे?

आजवर यावर ‘बुटके वाण’ हे उत्तर होते. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये ‘आयआर-८’ हे वाण आणले. त्यातील ‘एसडी-१’ या जनुकात बिघाड असल्याने जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक कमी तयार होते. रोप बुटके राहते आणि खत वाढवले तरी सहजासहजी लोळत नाही. या वाणाने आशियाची भूक भागवायला मोठा हातभार लावला, हे मान्यच आहे.

पण उंची कमी करणे म्हणजे खोड बळकट करणे नव्हे. खोडाची ताकद बरीचशी पेशींच्या भित्तिकेत असते. तिच्यातील सेल्युलोजचे धागे स्लॅबमधल्या सळ्यांसारखे, तर लिग्निन सिमेंटसारखे. चिनी शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये ‘बीसी-१’ या जनुकाचे काम उलगडले. ते निकामी झाले की सेल्युलोज घटते, लिग्निन उलट वाढते, तरीही खोड कटकन मोडते. सळ्याच कमी पडल्या तर जास्तीचे सिमेंट काय कामाचे?

खोडाची जाडीही तितकीच महत्त्वाची. जपानी शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये ‘हाबाताकी’ या वाणातून ‘एससीएम-२’ हे जनुक शोधले. त्याच्यामुळे खोड जाड होते आणि लोंबीतले दाणेही वाढतात. म्हणजे मजबुती हवी तर उत्पन्नावर पाणी सोडावे लागते, हा समज खरा नाही. शिवाय असा गुण नेहमीच्या संकरातूनही दुसऱ्या वाणात आणता येतो.

मग नव्या वाणाची जाहिरात हेक्टरी क्विंटलवरच का थांबावी? खोड किती ताण सोसते, हेही मोजून बियाण्याच्या पिशवीवर छापले पाहिजे. शेतकऱ्यानेही युरियाचा हात आखडता घ्यावा. जादा नत्राने रोप माजते आणि खोड लेचेपेचे होते. शेतात कितीही पिकले, तरी घरात येते ते उभ्या राहिलेल्या भाताचेच.