आठव्या हिश्श्याची गोष्ट

मे महिन्यात एका मैत्रिणीला मी एक इंग्रजी कादंबरी वाचायला दिली. जेनी कोलगन या लेखिकेची, २०१४ साली आलेली 'लिटल बीच स्ट्रीट बेकरी'. नायिका पॉली. धंदा बुडालेला, जोडीदाराशी फाटलेलं. ती कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, भरतीच्या वेळी जिथली वाट पाण्याखाली जाते अशा एका चिमुकल्या गावात येते, एका बंद दुकानावरची पडकी खोली भाड्याने घेते आणि पाव भाजू लागते. पुढे एक जखमी पक्षी, एक मधमाश्या पाळणारा तरुण आणि हळूहळू आपलंसं करणारं गाव. पावसाळ्यात पडवीत बसून वाचावं असं हे पुस्तक, आणि मला अशी पुस्तकं आवडतात हे कबूल करायला लाज वाटत नाही.

मैत्रिणीला ते देण्यामागे कारण होतं. दोन वर्षांपूर्वी ती डिचोलीचं सासर सोडून पेडण्याच्या माहेरी परत आली. वय सत्तेचाळीस. म्हटलं, वाचून जरा बरं वाटेल.

आठ दिवसांनी फोन आला. "पुस्तक छान आहे गं. पण हिला कुणीच विचारत नाही, बाय, तुझा एक-चौदाचा उतारा कुठे आहे म्हणून!"

हसले, पण तिचं म्हणणं खरं होतं. आपल्याकडे नव्याने सुरुवात करायची तर आधी कागद. आणि गोव्याचे कागद बाकी देशापेक्षा वेगळे. १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा इथे १८७० पासून लागू झाला आणि मुक्तीनंतरही राहिला. वारशाचा भाग आता २०१२च्या गोवा वारसा कायद्यात आहे, तो २०१६ पासून अमलात आला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पहिली सही, दुसरी सही झाली की नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते. लग्नाआधीची, नंतरची, वारशाने आलेलीही. मुलीला मुलाइतकाच वाटा. आपल्या आज्यांनाही हा हक्क होता याचा अभिमान मी भाषणांत बऱ्याचदा ऐकला आहे.

आता मैत्रिणीचं गणित करून बघा. वडील वारले तेव्हा ती सासरी नांदत होती. घराचा निम्मा भाग आईचा. उरलेला निम्मा ती आणि भाऊ यांच्यात, म्हणजे तिच्याकडे एक चतुर्थांश. पण तो सामायिक मालमत्तेत गेला, म्हणून त्यातला अर्धा नवऱ्याचा. ज्या माणसाला सोडून ती माहेरी आली, तोही तिच्याबरोबर एक अष्टमांश होऊन माहेरच्या घरात आलेला! अर्थात डिचोलीच्या घराचा निम्माही तिचा आहे. घटस्फोटाचा दावा निकाली निघेपर्यंत दोघं कागदावर एकमेकांच्या घरांत राहतात.

भाऊ वाईट नाही. त्याला वरचा मजला चढवायचा आहे, कर्जासाठी बँकेला स्वच्छ कागद हवा आहे. गेल्या चवथीला सगळी मंडळी जमली, माटोळी बांधून झाली, आणि जेवणानंतर हक्कसोडीचा मसुदा पुढे आला. नोटरीशी बोलणं झालेलं होतं. "घर तुजेंच मगे, बाय, तुका कोण भायर काडटा?" असं भाऊ म्हणाला, आणि ते तो मनापासूनच म्हणाला. किती घरांत चवथीच्या जेवणानंतर हेच वाक्य ऐकू येत असेल! कायदा मुलीला वाटा देतो खरा, पण तो मागणं भांडखोरपणाचं ठरतं आणि सोडणं शहाणपणाचं. मला विचाराल तर कायद्याच्या अभिमानाच्या भाषणांत हा भागही यायला हवा.

तिने सही केली नाही. रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "एकट्या माझ्या सहीनं भागणार नाही रे, त्याचीही लागेल. त्याला बोलावतोस?" भाऊ गप्प बसला. आई उठून भांडी आवरायला गेली. वहिनी आठ दिवस मोजकंच बोलत होती.

मग दिवाळीच्या सुमाराला तिने एक गोष्ट मागितली: पडवीच्या टोकाची, स्वतंत्र दार असलेली खोली. तिथे जुनी कौलं आणि वडिलांची सायकल पडून होती. आईने परवानगी दिली, निम्मं घर तिचंच आहे म्हणा. आता त्या खोलीत मिरची सुकते, निवडली जाते, पिशव्यांत भरली जाते. हरमलच्या मिरचीला जीआय मानांकन मिळाल्यापासून नावाला भाव आहे. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला ती पहाटेच्या बसने जाते. पैसे फार सुटत नाहीत. पहिल्या वर्षी अर्धी मिरची दमट हवेत बुरशीने गेली.

"आणि तुझा मधमाश्यावाला?" मी परवा विचारलं.

"भेटला तर आधी नोटरीकडे नेईन त्याला. करार लग्नाआधीच करावा लागतो, मागाहून बदलता येत नाही. हे तुझ्या पॉलीला कुणीतरी सांगायला हवं होतं."

पुस्तक अजून परत आलेलं नाही. शेवटची चाळीस पानं राहिली आहेत म्हणते. गेल्या रविवारी मी तिच्याकडे मुक्कामाला होते. सकाळी पोदेराचा भोंपू वाजला. वहिनीने फाटकाशी जाऊन घरच्यासाठी दहा उंडे घेतले. तिच्यामागून मैत्रीण गेली, पदराच्या टोकाची नाणी सोडली आणि वेगळे दोन घेतले.

पोदेराने काही न विचारता दोन वेगळ्या कागदांत बांधून दिले.