दवाखाना घरी आला. खर्च कुणी करायचा?

हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन, पाणी हे आपल्या अंकाचे नेहमीचे विषय. या वेळचं संपादकीय साखर तपासायच्या आणि बीपीच्या मशीनवर आहे म्हटल्यावर काही जणींना नवल वाटेल. पण गेल्या दोन-तीन वर्षांत वस्त्यांमधल्या बैठकांत एक प्रश्न मी वारंवार ऐकते आहे. "ताई, डॉक्टर म्हणतात घरी तपासत जा. मशीन घेऊ का? आणि घेतलं तर पट्ट्यांचं काय?" प्रश्न साधा दिसतो. त्याच्या तळाशी मात्र आपले जुनेच प्रश्न आहेत. घरातला पैसा कुणाच्या हातात, आजारी पडायचा हक्क कुणाला आणि सेवेचं काम कुणाच्या माथी?

आधी व्याप्ती पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. हे आजार आता बंगल्यांपुरते राहिलेले नाहीत. धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बायांमध्ये ते आहेत. अशा आजारात ऑपरेशन करून मोकळं होता येत नाही. रोज गोळी, रोज पथ्य आणि अधूनमधून तपासणी असं ते आयुष्यभर चालतं. म्हणूनच उपचाराचा मोठा भाग दवाखान्यातून उठून घरात आला आहे. तो घरी येताना खर्चही सोबत घेऊन आला, त्याबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही.

खर्चाचा हिशेब मांडू. साखर तपासायचं मशीन त्या मानाने स्वस्त मिळतं, कधी पट्ट्यांच्या खोक्याबरोबर सवलतीतही. खरी कमाई पट्ट्यांवर आहे. एका कंपनीच्या मशीनला सहसा दुसऱ्या कंपनीची पट्टी चालत नाही. म्हणजे एकदा मशीन घेतलं की गिऱ्हाईक बांधलं गेलं. एक पट्टी साधारण १० ते २५ रुपयांना पडते, वर टोचायच्या सुया वेगळ्या. गरोदरपणात साखर वाढून इन्सुलिन सुरू झालेल्या बाईला डॉक्टर अनेकदा दिवसातून चार वेळा तपासायला सांगतात, सकाळी उपाशीपोटी आणि तिन्ही जेवणांनंतर. पट्टीचे २० रुपये धरले तर दिवसाला ८० रुपये, महिन्याला २,४०० आणि तीन महिन्यांचे ७,२०० रुपये होतात. पहिल्या बाळंतपणासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून सरकार ५,००० रुपये देतं. ते सगळे नुसत्या पट्ट्यांवर घातले तरी पुरत नाहीत, मग सकस आहाराचं काय?

माझ्या कामातला एक अनुभव सांगते. सातवा महिना लागलेली, तीन घरी काम करणारी एक मुलगी. इन्सुलिन सुरू झालं. तिने बचत गटातून कर्ज काढून मशीन घेतलं. तपासणीला जाताना सोबत वही न्यायची होती. पहिल्या आठवड्यात वहीत रोजचे चार आकडे होते, दुसऱ्या आठवड्यात रोजचा एक, नंतरची पानं कोरी. "बाळाची काही काळजी आहे की नाही?" असं तिला सगळ्यांदेखत विचारलं गेलं. पट्ट्या संपल्या होत्या, नव्या आणायला पैसे नव्हते. हे तिला कुणी विचारलं नाही आणि मान खाली घातलेल्या तिनेही सांगितलं नाही. गरिबीचं नाव निष्काळजीपणा पडलं आणि दोष आईच्या पदरात टाकून सगळे मोकळे झाले.

हा फक्त गरिबीचा प्रश्न असता तर तो सगळ्यांना सारखाच लागू झाला असता. तसं होत नाही. एकाच घरात नवरा-बायको दोघांनाही मधुमेह असतो, मशीन एकच असतं. पट्टी आधी त्याची, मग सासूची, मग उरली तर हिची. "मला काही होत नाही हो, मी चालतीफिरती आहे," असं ती स्वतःच सांगते. शेवटी जेवायचं, उरलेलं खायचं ही शिकवण इतकी अंगात मुरलेली आहे की पट्टीच्या बाबतीतही तीच रांग लागते. तपासणीला घरातूनच पैसे द्यायचे असं ठरलं की घरातली सत्ताच ठरवते कुणी तपासायचं. दवाखान्याच्या रांगेत निदान नंबर तरी येतो. घरातल्या रांगेत तो येईलच असं नाही.

दुसरी बाजू श्रमाची. सासऱ्यांचं बीपी सकाळ-संध्याकाळ कोण मोजतं? साखर कोण तपासतं, आकडा कोण लिहितं, गोळ्यांची वेळ कोण सांभाळतं? सून, मुलगी, बायको. पूर्वी हे काम परिचारिका करायची आणि त्याचा पगार तिला मिळायचा. आता तेच काम घरातल्या बाईकडे आलं, बिनपगारी. आपण वर्षानुवर्षं सांगत आलो की घरकाम हे काम आहे. त्या यादीत आता हेही धरायला हवं. काम तिचं आणि मशीनचे पैसेही तिनेच जमवायचे, हा कुठला न्याय?

सरकारचं म्हणणं असं, की आम्ही पुष्कळ केलं आहे. काही गोष्टी खरोखरच झाल्या आहेत आणि त्यांचं स्वागत करायला हवं. जुलै २०२१ मध्ये ग्लुकोमीटर, बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर यांच्यावरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांपर्यंत मर्यादित केला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत झाले. जागतिक बँकेने १९८७ सालच्या अहवालात सरकारी दवाखान्यांत पैसे आकारण्याचा सल्ला दिला, तेव्हापासून आपण त्या विचाराशी भांडतो आहोत. त्यामुळे केसपेपरचे पैसे बंद होणं ही छोटी गोष्ट नाही.

पण या सगळ्यात एक मोठं भोक राहिलं आहे. दवाखान्याच्या उंबरठ्याच्या आत तपासणी फुकट, उंबरठ्याबाहेर तीच तपासणी विकत. महात्मा फुले योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, ते मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाला. म्हणजे साखर आटोक्याबाहेर जाऊन मूत्रपिंडावर, पायावर परिणाम झाला की सरकार लाखाचा खर्च सोसेल. तिथवर पोचू नये म्हणून लागणारी २० रुपयांची पट्टी मात्र तिची तिने घ्यायची. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून करतात. २०१३-१४ साली हे प्रमाण ६४.२ टक्के होतं, म्हणजे घट झाली आहे. पण घरातल्या तपासणीसारखे खर्च सुटेसुटे, दहा-वीस रुपयांचे असतात. ते भागवायला कधी मंगळसूत्र मोडावं लागत नाही, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. भाजी कमी करून, स्वतःची गोळी चुकवून बाई ते भागवते.

आता विरोधी मुद्दे. फुकट दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाही, मशीन माळ्यावर पडेल, असं म्हणतात. कुटुंबनियोजनाची साधनं आणि बाळांच्या लसी फुकटच दिल्या जातात, तिथे हा युक्तिवाद कुणी करत नाही. मशीन माळ्यावर जातं ते बहुधा पट्ट्या संपतात म्हणून, किंवा आकड्याचा अर्थ कुणी समजावून सांगत नाही म्हणून.

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे. घरातल्या तपासणीची गरज प्रत्येकाला सारखी नसते. इन्सुलिन न घेणाऱ्या, फक्त गोळ्यांवर असलेल्या रुग्णांना घरी वारंवार साखर तपासून फारसा फायदा होत नाही, असं अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणून "सगळ्यांना सगळं फुकट द्या" अशी मागणी मी करणार नाही. तशी मागणी कंपन्यांना आवडेल, पण सरकारी पैसा गरजेच्या ठिकाणी पोचणार नाही. मात्र ज्यांना या तपासणीवाचून उपचारच नीट करता येत नाहीत, त्यांच्यासाठी मशीन ही चैन नसून औषधाइतकीच गरज आहे. इन्सुलिनवरची मुलं आणि मोठी माणसं, साखर वाढलेल्या गरोदर बाया आणि गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या बाया या त्यात येतात. गरोदरपणातला रक्तदाब हे मातामृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. शहराच्या टोकावरून किंवा पाड्यावरून दर दोन दिवसांनी तो मोजायला दवाखान्यात येणं म्हणजे रोजगार बुडवणं.

हे अशक्य नाही. केरळमध्ये 'मिठाई' योजनेतून टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलांना इन्सुलिनबरोबर तपासणीचं साहित्यही दिलं जातं. तिथेच 'वयोमधुरम' योजनेतून दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठ मधुमेहींना ग्लुकोमीटर मोफत मिळतो. तमिळनाडूत ऑगस्ट २०२१ पासून स्त्री स्वयंसेविका घरोघरी जाऊन रक्तदाब आणि साखर तपासतात, गोळ्या पोचवतात. म्हणजे एका ठिकाणी मशीन घरी पोचलं, दुसऱ्या ठिकाणी मशीन घेऊन माणूस पोचलं. इंग्लंडमध्ये इन्सुलिन घेणाऱ्यांना पट्ट्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मोफत मिळतात.

महाराष्ट्रातही पाया तयार आहे. गरोदरपणातल्या मधुमेहाबद्दल केंद्र सरकारने २०१८ साली सुधारित मार्गदर्शिका काढली. प्रत्येक गरोदर बाईची पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत, ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तपासणी करायची, असं त्यात आहे. तपासणी सरकारने करायची, निदान सरकारने करायचं, मग पुढच्या पट्ट्या तिच्या नवऱ्याच्या मर्जीवर का सोडायच्या?

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात:

१. सरकारी डॉक्टरने घरी तपासायला सांगितलं, की मशीन आणि लागतील तेवढ्या पट्ट्या औषधांच्या खिडकीवरच मिळाव्यात. सुरुवात गरोदर बाया आणि इन्सुलिनवरचे रुग्ण यांच्यापासून व्हावी.

२. मशीन आणि पट्ट्या बाईच्या स्वतःच्या नावावर, तिच्या हातात द्याव्यात. कुटुंबप्रमुखाच्या नावावर नकोत.

३. बीपीची मशीन आरोग्य मंदिरातून उसनी मिळावीत आणि बाळंतपणानंतर परत घ्यावीत. दंडाच्या मापाचा पट्टा नसेल तर आकडा चुकतो, म्हणून वेगवेगळ्या मापांचे पट्टे असावेत.

४. पट्ट्यांची खरेदी राज्याने एकत्रितपणे, भाव पाडून करावी आणि त्यांच्या किमतींवर नियंत्रण असावं.

५. शिकवण्याचं आणि पाठपुराव्याचं काम आशाताईंवर टाकायचं असेल तर त्याचा वेगळा मोबदला द्यावा. एका बाईचा भार दुसऱ्या बाईच्या फुकट श्रमावर हलवणं हा उपाय नाही.

६. घरी मशीन दिलं म्हणून दवाखान्यातली तपासणी आणि डॉक्टरची भेट कमी करू नये.

तोवर आपण काय करायचं? काही गटांनी वर्गणी काढून बीपीचं एक मशीन घेतलं आहे. ते दर बैठकीला येतं, वहीत नोंद होते, आकडा वाढलेला दिसला की दोघी जणी त्या बाईबरोबर दवाखान्यात जातात. चांगला उपक्रम आहे. साखरेचं मशीन असं सामायिक वापरणार असाल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. सुई प्रत्येकीची नवी आणि वापरल्यावर लगेच बंद डब्यात. रक्तातून कावीळ पसरू शकते. दवाखान्यात पट्ट्या मागा, नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. आणि अशा उपक्रमाला आपणच सरकारी जबाबदारीचा पर्याय म्हणू नये. बचत गटाच्या वर्गणीतून सार्वजनिक आरोग्यसेवा चालत नसते.

आठवा, सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के कर जुलै २०१८ मध्ये रद्द झाला. तो विषयसुद्धा आधी घरगुती, खाजगी, बोलू नये असा होता. बायका बोलल्या, तेव्हा तो अर्थखात्याचा विषय झाला. ग्लुकोमीटरची पट्टीही सध्या घरखर्चाच्या वहीत, दूध आणि गॅसच्या मधे कुठेतरी लिहिलेली आहे. तिथून ती आरोग्याच्या अंदाजपत्रकात नेण्याचं काम आपलं आहे.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या वस्तीत, गावात किती जणींना घरी तपासायला सांगितलं आहे, किती जणी खरंच तपासतात, पैसे कुठून आणतात आणि घरात पट्टी आधी कुणाला मिळते, हे चार प्रश्न विचारा. जे कळेल ते आम्हाला लिहून पाठवा. नावं नकोत, हकिगती हव्यात. त्या घेऊन आपण जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ.

संपादक मंडळाच्या वतीने