गावी परतावे काय? लातूर-नांदेडच्या स्वस्ताईचा हिशेब

नाताळच्या सुट्टीत पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई व हैदराबाद येथे पोटापाण्यासाठी गेलेली आपली अनेक कुटुंबे लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील आपापल्या गावी येतात. मिस्साबलिदान आटोपते, शुभेच्छा देऊन होतात आणि मग कोणीतरी हलकेच बाजूला घेऊन विचारतो, "फादर, शहरातले भाडे आता पेलवत नाही. गावी परत यावे म्हणतो. तुम्हाला काय वाटते?" विचारणारा बहुधा चाळिशी उलटलेला असतो. कोणी सुरक्षारक्षक, कोणी वाहनचालक, कोणी कारखान्यातील कंत्राटी कामगार; कधी एखादी परिचारिका भगिनी. दोन वाक्यांत उत्तर देता येण्याजोगा हा प्रश्न नव्हे, म्हणून येथे थोड्या विस्ताराने लिहीत आहे.

प्रारंभीच एक कबुली दिली पाहिजे. "अवश्य या" असे म्हणण्याचा मोह आम्हा धर्मगुरूंना होतो. खेड्यांतील प्रार्थनामंदिरांत रविवारी सतरंज्या रिकाम्या दिसतात, धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले मोजकी असतात, गायनाला तरुण आवाज मिळत नाहीत. परंतु कळप मोठा व्हावा ही मेंढपाळाची इच्छा आणि मेंढरांना बारमाही चारापाणी मिळणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. म्हणून सल्ला देण्यापूर्वी आम्हीही हिशेब मांडून पाहिला पाहिजे.

वरवर पाहता हा हिशेब सोपा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ६१ हजार, तर लातूरची सुमारे २४ लाख ५४ हजार होती आणि दोन्हीकडे जवळजवळ तीन चतुर्थांश लोक खेड्यांत राहत होते. अशा खेड्यात वडिलोपार्जित घर असेल तर भाडे नाही, अनामत रक्कम नाही. ज्वारी व तूर घरची किंवा शेजारची, कामावर जाण्यासाठी दोन-दोन बस बदलाव्या लागत नाहीत. मात्र ही स्वस्ताई गावाच्या शिवेपर्यंतच टिकते. मुलगा दहावी उत्तीर्ण झाला की त्याला लातूरला ठेवावे लागते. 'लातूर पॅटर्न'च्या लौकिकामुळे तेथे मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी येतात. खोलीभाडे, खानावळ आणि शिकवणीचे शुल्क यांचा भार पालकांवर पडतो. नांदेड शहरातही आता शिकवणीवर्गांची तशीच दाटी झाली आहे. पुण्यात वाचलेले भाडे अशा रीतीने लातुरात किंवा नांदेडात मोजावे लागते. बापाच्या ऐवजी मुलगा भाडेकरू होतो, एवढाच फरक.

आजारपणाचेही तसेच. दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, ही मोठी सोय. तथापि गावात दुखणे सुरू झाले की उपकेंद्र, तेथून तालुका, तेथून जिल्हा असा प्रवास घडतो आणि प्रत्येक टप्प्यावर वाहनाचे पैसे व दिवसाची मजुरी जाते. नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. देशभर हळहळ व्यक्त झाली. मराठवाड्यातील शेजारचे जिल्हे आणि तेलंगणातूनही रुग्ण येणाऱ्या एका रुग्णालयावर किती भार पडतो, हे त्या दिवशी उघड झाले. ज्यांच्या घरी वृद्ध आईवडील किंवा गरोदर सून आहे, त्यांनी स्वस्त घराच्या किमतीत हे अंतर मिळवूनच बेरीज करावी.

आता पाण्याविषयी. आपण गाव पाहतो ते डिसेंबरात. त्या वेळी सोयाबीन विकून हातात चार पैसे आलेले असतात, तुरीला शेंगा धरलेल्या असतात, विहिरींना पाणी असते आणि थोड्याच दिवसांत हुरडा येणार असतो. गाव असे हसतमुख असताना परतण्याचा विचार मनात आला नाही तरच नवल! पण ज्या गावी बारा महिने राहायचे, ते वैशाखातही पाहिले पाहिजे.

एप्रिल २०१६ ची आठवण अनेकांना असेल. मांजरा धरण कोरडे पडले, लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश लागू करावा लागला आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. तिच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. एका जिल्ह्याच्या शहराला साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, ही घटना देशाच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल. शहरासाठी गाडी आली, खेड्यांसाठी टँकर. टँकरच्या पाण्यासाठी रांगेत घालवलेल्या दिवसाची मजुरी कोणत्याही खर्चाच्या वहीत लिहिली जात नाही.

याचे कारण केवळ कमी पावसात शोधून चालत नाही. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट खडक आहे. तो पाणी धरतो ते भेगांतून व झिजलेल्या थरांतून, तेही थोडे. त्यामुळे विंधन विहीर घेणे म्हणजे बहुतेकदा जुगारच ठरतो. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागते आणि दहा पावलांवर आपल्या बोअरमधून निव्वळ धुरळा उडतो. त्यातच मांजरा खोऱ्यात उसाचे क्षेत्र वाढत गेले. ऊस हे तहानलेले पीक. ते कोणाच्या वाट्याचे पाणी पिते, याचा विचार आपल्या धर्मग्रामांतील बागायतदार बंधूंनीही करावा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात पिण्यायोग्य पाणी मिळणे हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे प्रतिपादन केले आहे. जल जीवन मिशनची घोषणा २०१९ साली झाली. परत येऊ पाहणाऱ्याने घराला नळ आहे का, एवढेच विचारून थांबू नये. मे महिन्यात त्या नळाला किती दिवसांआड पाणी येते, हेही विचारावे.

उलट टोकाचा अनुभवही ताजा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव या परिसरात एका रात्रीत पुराचे पाणी घरांत शिरले व माणसे दगावली. सप्टेंबरात तर मराठवाड्यातील फार मोठ्या क्षेत्रावरील उभी पिके पाण्याखाली गेली. तेव्हा नदीकाठची स्वस्त जागा कोणी दाखवली, तर ती स्वस्त का आहे, हे गावातील म्हाताऱ्या माणसांना विचारून घेणे बरे.

घराच्या बाबतीत आपल्या भागाइतका कठोर धडा क्वचितच कोणाला मिळाला असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर हादरला आणि सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, ही आपली घरे. माळवदावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मातीचा नवा थर चढवायचा, म्हणजे घर गळत नसे आणि उन्हाळ्यात आत गारवा राहत असे. पिढ्यान् पिढ्या साचलेला तो मातीचा भारच झोपलेल्या माणसांवर कोसळला. जे घर राहण्यास सर्वांत सुखाचे होते, तेच सर्वांत घातक ठरले.

त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. शासन, जागतिक बँक आणि अनेक स्वयंसेवी संस्था, त्यांत ख्रिस्ती संस्थाही, या कार्यात उतरल्या. नवी घरे भूकंपाला तोंड देतील अशी बांधली गेली, रस्ते रुंद झाले, वीज आली. परंतु कोणाला किती मोठे घर, हे जमिनीच्या मालकीवर ठरले : भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या धारकाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०, त्याहून अधिक जमीन असलेल्याला ७५०. आपले बहुसंख्य लोक पहिल्या गटातले. मुलांची लग्ने झाली तशी त्या २५० फुटांपुढे पत्रे ठोकले गेले, मागे न्हाणी आली, पुढे ओटा आला. शेत लांब पडले, गल्लीत दारोदारी चालणारे बोलणे रुंद रस्त्यांमुळे तुटले. असे असले तरी आज तेथील माणूस रात्री निर्धास्त झोपतो, हे मान्य करावे लागेल. परतणाऱ्याने गावातले जुने घर दुरुस्त करून राहायचे ठरवले, तर रंगरंगोटीपूर्वी माळवदाचे वजन उतरवावे आणि भिंती जाणत्या माणसाला दाखवाव्यात. या खर्चाला 'नंतर पाहू' म्हणण्याची मुभा आपल्या भागात नाही.

बायबलमधील नामीची कथा या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. दुष्काळामुळे तिचे कुटुंब बेथलेहेम सोडून मवाब देशात गेले. तेथे पती व दोन्ही मुलगे वारले. ती परत निघाली, ती प्रभूने आपल्या लोकांना अन्न दिल्याची वार्ता ऐकल्यावर. केवळ गावाच्या ओढीने ती निघाली असे ग्रंथ सांगत नाही. आणि परतल्यावरही तिचा व रूथचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो कधी? नगराच्या वेशीत, दहा वडीलधाऱ्यांसमक्ष, बवाजाने अलीमलेखाच्या शेताचा व्यवहार पक्का केला तेव्हा. आजच्या भाषेत सांगायचे तर कागदपत्रे झाली तेव्हा.

नेमके येथेच आपले लोक अडखळतात. गावठाणातील अनेक घरांना ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यापलीकडे कागद नसतो आणि तो तर कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनद्वारे मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळू शकते. मोजणीच्या वेळी घरचा माणूस गावात हजर असणे मात्र हितावह. शेतजमिनीतील गुंठाभर तुकडा कोणी स्वस्तात देऊ करील, तेव्हा सातबाऱ्यावर आपले नाव लागणार का आणि जागा अकृषिक आहे का, हे तलाठ्याकडे पाहिल्याविना एक रुपयाही देऊ नये.

घरकुलाचा प्रश्न याहून दुखरा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, पण यादीत नाव हवे, आणि सर्वेक्षणाच्या वेळी कुटुंब शहरात असेल तर ते गळण्याचा संभव मोठा. राज्याची रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे. एकाच वस्तीतील, एकाच आजोबांचे दोन नातू. एकाला ती लागू होते, दुसऱ्याने बाप्तिस्मा स्वीकारलेला असल्याने त्याला नाही. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने घातलेली धर्माची अट १९५६ मध्ये शिखांसाठी व १९९० मध्ये बौद्धांसाठी शिथिल झाली, ख्रिस्ती व मुस्लिमांसाठी झाली नाही. या प्रश्नावर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. धर्म बदलल्याने वस्ती बदलत नाही, हे आमच्या खेड्यांत कोणालाही दिसेल. गावी परतणाऱ्या दलित ख्रिस्ती कुटुंबाने घर स्वतःच्या पैशानेच उभारावे लागेल असे धरून चालावे. आशेवर पाया खोदू नये.

राहता राहिले उत्पन्न. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, बाजारात अनेकांना त्याहून बरेच कमी मिळाले. दोन एकरांवर कुटुंब चालत नाही, हे सांगण्यास अर्थशास्त्री नको. धर्माबाद परिसरातील काही गावांनी २०१८ मध्ये आम्हाला तेलंगणात सामील करा, अशी मागणी केली होती. पलीकडच्या गावात शेतीला चोवीस तास मोफत वीज, रयतू बंधू योजनेतून त्या वेळी एकरी हंगामाला चार हजार रुपये, आणि अलीकडे तेच रान, तीच भाषा, तेच सोयरे, पण ते काही नाही. मागणीत राजकारण किती होते, हा भाग सोडून देऊ. पण गाव राहण्यासारखे आहे की नाही, हे लोक कशावरून ठरवतात, ते त्यातून नीट कळते.

माझे निरीक्षण असे की परतून तग धरतात ती माणसे शेतीच्या भरवशावर आलेली नसतात. मोटार रिवाइंडिंग, वायरिंग, नळजोडणी, शिवणकाम, गाडीदुरुस्ती असा हुन्नर हाती असलेला माणूस तालुक्याच्या रस्त्यावरील गावात पोट भरू शकतो. सेवानिवृत्त परिचारिका तर गावाला देणगीच. ज्यांच्यावर कर्ज आहे आणि मुले आठवी-नववीत आहेत, त्यांनी मात्र आणखी चार वर्षे थांबावे, असे मी स्पष्ट सांगतो; मग धर्मग्रामाची एक सतरंजी रिकामी राहिली तरी चालेल.

धर्मग्राम परिषदांनाही या बाबतीत काही करता येईल. प्रत्येक गावासाठी एक वही ठेवावी. मे महिन्यात पाणी किती दिवसांआड, रात्री वाहन मिळते का, डॉक्टर कोठे, दहावीपर्यंत शाळा आहे का, कोणाचे घर रिकामे व त्याचे कागद कोणाच्या नावावर, एवढ्या नोंदी गावातील एखादा तरुण दोन रविवारांत करू शकेल. शहरांतील आपल्या लोकांना ती वही फोनवरून वाचून दाखवता येईल.

आणि नाताळात कोणी बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारला, की अलीकडे मी उत्तर न देता उलट एवढेच विचारतो : "बाबा, मे महिन्यात तुला किती दिवसांची रजा मिळेल?"