मामांचा शिक्का आणि सुनेचा हिशेब



आपल्या महिला मंडळांत एक सल्ला फार सहज दिला जातो. देणाऱ्या सगळ्या आपल्याच आहेत, म्हणून स्पष्ट बोलते. कोणाच्या मुलीला नोकरीसाठी अर्ज करायचा असतो, किंवा मुलं मोठी झाली म्हणून एखादीला स्वतःलाच करायचा असतो. जाहिरातीत 'किमान २ वर्षांचा अनुभव' लिहिलेलं असतं. लगेच कोणीतरी म्हणतं, "अगं, त्यात काय एवढं! मामांच्या पेढीचं पत्र घे. शिक्का मारून देतील." आणि मामा देतातही. भाचीने त्या पेढीची पायरीसुद्धा चढलेली नसते, पण पत्रात ती तिथे २ वर्षं हिशेब बघत होती.

याला आपण 'मदत' म्हणतो. शास्त्रात याला दुसरं नाव आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतला एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणं. प्रतिक्रमणात आपण त्याचं नाव घेतो आणि पुढे सरकतो, कारण आपल्याला वाटतं की हे जमिनीचे खोटे दस्तऐवज करणाऱ्यांसाठी आहे. नाही बाई. लेटरहेडवरचं खोटं अनुभवपत्र हा कूटलेखच. संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं, कांदा-बटाटा घरात येऊ द्यायचा नाही, आणि सकाळी खोटं पत्र फाईलमध्ये लावून मुलाखतीला जायचं, हे मला जमत नाही आणि ते कोणाला जमावं असंही वाटत नाही.

व्यवहाराच्या बाजूनेही तो सल्ला वाईटच आहे. मुलाखत घेणारा पत्र वाचत बसत नाही. तो विचारतो, "खरेदीचं बिल कसं चढवायचात? बँकेचं स्टेटमेंट आणि तुमची वही जुळली नाही तर आधी काय बघायचात?" मामांचा शिक्का तिथे तोंड उघडत नाही.

पण मला आज ज्याच्याशी खरं भांडायचं आहे ते हे नव्हे.

वसई, नालासोपारा, विरारमध्ये आपल्या समाजाची किती दुकानं आहेत ते तुम्हाला माहीत आहे. कपड्याची, भांड्यांची, किराण्याची, हार्डवेअरची. त्यांतल्या कित्येकांत मागच्या खुर्चीवर घरची सून बसते. दुपारी मुलं शाळेतून यायच्या आधी ती रोजमेळ लिहिते, टॅलीत नोंदी करते, उधारीवाल्यांना फोन करते. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा दुकानातल्या पुरुषांनी कपाळाला हात लावला होता, आणि अनेक घरांत ते शिकून घेतलं सुनेनेच. महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं विवरण, २० तारखेला करभरणा, या तारखा तिला मुलांच्या वाढदिवसासारख्या पाठ आहेत. अशी १०-१० वर्षं गेलेल्या बायका मी बघते. आणि यांना अनुभवपत्र कोणी दिलंय?

कोणीच नाही. ज्या भाचीने काम केलं नाही तिला पत्र, आणि जिने केलं तिला "तू तर घरचीच आहेस, तुला कशाला पत्र?" मग ती अर्ज भरायला बसते आणि मधल्या वर्षांच्या रकान्यात लिहिते 'गृहिणी'. मुलाखतीत विचारलं, इतकी वर्षं काय केलंत, की खाली बघून म्हणते, "काही नाही, घरीच होते."

हेही खोटंच आहे की! भाचीने केलं नाही ते केलं म्हणून सांगितलं, सुनेने केलं ते केलं नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या खोट्याला आपण विनय म्हणतो एवढाच फरक.

सरकारसुद्धा आपल्यापेक्षा बरं. रोजगाराच्या सरकारी पाहणीत माणसाच्या कामाला सांकेतिक क्रमांक देतात. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्याचा क्रमांक २१, आणि फक्त घरकाम करणारीचा ९२. २१ क्रमांकाची व्यक्ती कामगारांत मोजली जाते, पगार मिळत नसला तरी. म्हणजे सरकारी हिशेबात तुम्ही काम करणाऱ्या आहात. पण दारात आलेल्या माणसाला उत्तर देतो कोण? बहुतेक वेळा घरातला कर्ता. तो सांगतो, "बायको काही करत नाही." झाली ९२.

आता सत्याणुव्रताच्या त्याच पाच अतिचारांकडे परत या. कूटलेखक्रियेच्या लगेच पुढे न्यासापहार आहे. कोणी आपल्याकडे ठेव ठेवली, किती ठेवली होती ते विसरून त्याने कमी मागितली, आणि आपण "हो हो, एवढीच होती" म्हणून कमी परत केली, तर तो न्यासापहार. सुनेने १० वर्षांची मेहनत पेढीत ठेवली. ती स्वतःच विसरली किती ठेवली, म्हणून मागताना 'थोडीफार मदत करायचे' एवढंच मागते. आणि घर म्हणतं, हो, तेवढीच होती. मी ओढूनताणून अर्थ लावते असं कोणाला वाटेल. वाटू दे. महाराजसाहेबांना विचारा, माताजींना विचारा, मला त्यांचं उत्तर ऐकायला आवडेल.

शिवाय आपल्या परंपरेत हिशेब ही काही पुरुषांची मिरास नाही. भगवान ऋषभदेवांनी लिपी शिकवली ब्राह्मीला आणि अंक शिकवले सुंदरीला. दोघी मुली. असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प ही षट्कर्मं आपण मुलांकडून पाठ करून घेतो, पण मसि म्हणजे लेखणीचं काम, आणि ते तुमच्या हातात रोज आहे, हे त्यांना सांगत नाही. अगदी अलीकडचं बघायचं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत मगनबाईंनी श्राविकाश्रम चालवला. शेठ माणिकचंद हिराचंद झवेरींची मुलगी, तरुणपणीच वैधव्य आलेली. समाजातल्या विधवांना शिकवून त्यांनी स्वतःच्या पायावर उभं केलं. त्या बायकांच्या हातात खरी विद्या होती, कोणाच्या मामांचा शिक्का नव्हता.

तर पत्र मागा. सासऱ्यांकडे मागा, नवऱ्याकडे मागा, दिराच्या नावावर दुकान असेल तर दिराकडे. पेढीच्या लेटरहेडवर, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, नेमकं कोणतं काम, आणि खाली मालकाची सही व फोन. त्यात 'कुटुंबातील सदस्य, विनावेतन' असंही स्पष्ट लिहून घ्या. लपवू नका. नातं लपवलं की खरं पत्रही खोट्यासारखं दिसतं.

अर्जात 'दुकानात मदत' असं लिहू नका. महिन्याला साधारण किती बिलं चढवायचात, किती व्यापाऱ्यांची खाती सांभाळायचात, वर्षअखेरीला सीएकडे कागद कोण तयार करून द्यायचं, हे आकड्यांत लिहा. आकडा फुगवू नका, कमीही करू नका. मुलाखतीच्या आधी आठवडाभर नणंदेला किंवा जावेला समोर बसवा आणि ही वाक्यं मोठ्याने बोला. पहिल्यांदा हसू येईल, दुसऱ्यांदा घसा कोरडा पडेल, चौथ्यांदा आवाज नीट निघेल. इंग्रजीची भीती असेल तर वालीव, सातिवली, गोखिवरेच्या गाळ्यांपासून सुरुवात करा. तिथल्या कारखानदाराला हिशेब येणारी बाई हवी असते, आणि चर्चगेटला दीड तास लटकत जावं लागत नाही. चौविहार असेल तर सुटायची वेळ आधीच विचारा. पर्युषणाच्या रजेचंही पहिल्याच भेटीत सांगा, रुजू झाल्यावर नव्हे.

सासूबाईंच्या पिढीतल्या वाचक मला म्हणतील, पत्र दिलं तर सून उद्या दुकान सोडून जाईल. जाईल कदाचित. मग त्या खुर्चीसाठी पगारी माणूस शोधावा लागेल, आणि त्याला कामं समजावून सांगताना एक मोठी यादी करावी लागेल. ती यादी आजच करा, आणि खाली सही करून सुनेला द्या.