सोडून जाणाऱ्यांचं कौतुक पुरे!

"जादूगार नि ड्रॅगनच्या गोष्टी म्हणजे पोट भरलेल्यांचे चाळे," असं परवा एका दोस्तानं मला सुनावलं. कालपर्यंत मीही हेच बोंबलत होतो. मग अर्सुला ले ग्विन ही अमेरिकन बाई वाचली आणि माझी बोलती बंद झाली.

१९२९ साली कॅलिफोर्नियात जन्मली, २०१८ साली पोर्टलंडमध्ये वारली. गोरी. बाप नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. म्हणजे आपल्यासारखं सोसलेलं काही नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर म्हणाल लपवलं.

१९६८ साली तिनं 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' लिहिलं. असल्या गोष्टींतला नायक तोवर बहुतेक गोराच. काळा दिसला तर शत्रूच्या फौजेत. बाईनं पट उलटा मांडला. तिचा गेड तांबूस-तपकिरी, त्याचा जिवलग मित्र काळा, आणि गलबतांतून लुटायला येतात ते गोरे! पण मुखपृष्ठांवर गेड पुन्हा उजळ झाला. २००४ साली टीव्हीवर मालिका आली, तर तिथं तो सरळ गोरा. बाई गप्प बसली नाही. जाहीर लेख लिहून मालिकावाल्यांना झोडपलं. आता सांगा, कातडीचा रंग ज्यांना एवढा झोंबतो, त्यांच्यासाठी तरी ही नुसती गोष्ट आहे काय?

इथवर टाळ्या. आता भांडण.

१९७३ सालची तिची ओमेलासची कथा. सुखी शहर, पण सारं सुख तळघरात कोंडलेल्या, घाणीत बसलेल्या एका पोरावर उभं. सगळ्यांना ठाऊक. बहुतेक जण पचवतात. काहींना पचत नाही, ते शहर सोडून निघून जातात. कथा खलास. या जाणाऱ्यांवर विद्वान फिदा! मी विचारतो, पोराचं काय झालं? तुमचे हात स्वच्छ झाले, त्याचं कुलूप तसंच. म्हणे त्याला बाहेर काढलं तर शहराचं सुख संपेल. संपू द्या की! एन. के. जेमिसिन या काळ्या लेखिकेनं २०१८ साली कथेनंच उत्तर दिलं. तिची माणसं जात नाहीत, राहतात आणि लढतात.

पण बाईचा हिशेब इथंच मिटवू नका. तिच्याच अर्थसीत जादूच्या शाळेत मुलींना मज्जाव होता. बाईची जादू म्हणजे हलकी, अशी तिथं म्हणच. पुस्तकं गाजलेली, नाव झालेलं. गप्प बसली असती तर कुणी विचारलं नसतं. पण तिसऱ्या पुस्तकानंतर १८ वर्षांनी, १९९० साली, 'तेहानू' घेऊन ती त्याच घरात परत शिरली. गेडची शक्ती संपलेली. मध्यभागी टेनार, एका शेतकऱ्याची विधवा, आणि स्वतःच्याच माणसांनी मारून आगीत लोटलेली एक पोर. टेनार त्या पोरीला घरी आणते, वाढवते, तिच्यासाठी उभी ठाकते.

तळघरातलं पोर १७ वर्षांनी बाहेर आलं, मी तरी असंच वाचतो.

दोस्तहो, वैतागून निघून जाणं सोपं. आपणच बांधलेली भिंत चुकली हे चारचौघांत कबूल करून ती पाडायला धमक लागते. या बाईत ती होती. आपल्यात आहे? आपल्याच बैठकीत भाषणं पोरांची नि चहा पोरींचा, हे अजून किती दिवस?